फुलांचा क्लास

लालबाग
१२ नोव्हेंबर

कालिंदी,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचतात की नाही तेही कळत नाही. शेवटी तुझ्या भावाकडून वेंगुर्ल्याचा पत्ता घेतला. तो म्हणाला, ताई बरी आहे, झाडांना पाणी घालते, कुणाशी बोलत मात्र नाही. म्हटलं, नको बोलू दे, वाचेल तरी. पोस्टमनला काही तू दारातून परत पाठवणार नाहीस.

खुशाली विचारायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. मी रागावलेय. ट्रेनिंगपासून आपण बरोबर. मानसोपचाराच्या वॉर्डात कोणी टिकायला तयार नव्हतं, तेव्हा आपण दोघी टिकलो. आणि तू एका सकाळी गोळ्यांची ट्रॉली पॅसेजच्या मधोमध सोडलीस, नावाची पट्टी काढून रुपालीताईंच्या टेबलावर ठेवलीस आणि चालू पडलीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. ती ट्रॉली पुढे मी नेली. अजून मीच नेतेय.

तुझ्या जागी कोणी आलेलं नाही. येणार, येणार, असं रुपालीताई दर सोमवारी सांगतात. त्या इन्चार्ज, त्यांना सांगावंच लागतं. तोवर तुझे पेशंट माझे, तुझ्या ड्युट्या माझ्या. सुट्टीच्या दिवशी फोन येतो आणि मी जाते. बाकीच्या आळीपाळीने आजारी पडतात. मी पडत नाही.

आपल्या वॉर्डातून घरी गेलेल्या अनुजानं स्वतःला संपवल्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू गेलीस. डॉक्टरांच्या राउंडला तूच म्हणाली होतीस की आता तिला घरी पाठवायला हरकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यावरून तुला कोणी काही बोललं नाही. तोंडावर नाही आणि पाठीमागेही नाही. पोरीबद्दलच कोणी काही बोललं नाही. सरळ कामाला लागलो. तेच बरं झालं.

मी उत्तम आहे. परवा एका पेशंटची आई माझा हात धरून रडत होती. मी मान डोलवत होते आणि डोक्यात चाललेलं, वाल भिजत घातलेत की नाही. बघ, मला काही होत नाही. अवधूत म्हणतो, हे लक्षण बरं नाही. तो गोदीत फिटर, माझगावला, यंत्रांचा माणूस. घरी आले की मी हात धुवायला लागते आणि तो येऊन नळ बंद करतो, तेव्हा कळतं की फार वेळ धूत होते. एकदा भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला उभी राहिले आणि घर कुठल्या बाजूला ते आठवेना. दमलं की होतं असं.

एवढंच.

सुरुची

लालबाग
२० डिसेंबर

कालिंदी,

नवीन काय, तर आम्हाला श्वास घ्यायला शिकवतायत.

वरून सर्क्युलर आलं. मानसोपचार विभागातल्या परिचारिकांसाठी माइंडफुलनेसचा वर्ग, आठवड्यातून एकदा, दुपारी, मॉर्निंगवाल्या सुटताना आणि इव्हिनिंगवाल्या येताना. सर्क्युलरमध्ये लिहिलंय की आपल्यातल्या पुष्कळ जणी 'कामाच्या ताणाने थकलेल्या' आहेत. हा शोध कोणी लावला असेल देव जाणे. रखमा मावशींनी आपल्या दारावरची पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली, त्यातलं 'फुल' तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवशी बादली ठेवून त्यांनी विचारलं, "आज फुलांचो क्लास आसा काय गो?" तेव्हापासून सगळ्या हॉस्पिटलात तो फुलांचा क्लास.

शिकवायला आकांक्षा नावाची मुलगी येते. मानसशास्त्र शिकलेली, शिवाजी पार्कला राहणारी. तिला जागा दिली लिनन रूमच्या शेजारची, मोडके पलंग ठेवतात ती. पलंग भिंतीला लावून आम्ही खुर्च्या मांडल्या. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटायला सांगितले आणि मी सरळ झोपले. एकटी नाही, निम्म्या जणी झोपल्या. तिनं उठवलं नाही. वेळ संपल्यावर हळूच सांगितलं की आजचा क्लास चांगला झाला, झोप ही पहिली गरज होती.

दुसऱ्या वेळी रुपालीताई उभ्या राहिल्या. तुला माहीत आहे, त्या चिडल्या की आवाज उलट खाली जातो. म्हणाल्या, "बाई, श्वास आम्ही घेतोच. माणसं कमी आहेत. ती द्या."

मला वाटलं आता ही पोरगी प्रवचन देणार, की परिस्थिती बदलत नसेल तर मन बदला वगैरे. ती म्हणाली, "खरं आहे तुमचं. माणसं आणणं माझ्या हातात नाही. पण हे क्लासचं काम नाही असंही मी म्हणणार नाही. तुमचं म्हणणं माझ्या रिपोर्टात पहिल्या ओळीत लिहू का?" रुपालीताई खाली बसल्या. त्यांना भांडायची तयारी करून यायची सवय, समोरून होकार येण्याची नाही.

मग तिनं विचारलं, दिवसभरात तुम्ही सगळ्यात जास्त वेळा काय करता. कोणी म्हणालं शिव्या खातो, कोणी म्हणालं पेशंट शोधतो. मी म्हटलं, हात धुतो. तर म्हणाली, छान, या आठवड्यात फक्त एकदा, हात धुताना हातच धुवा. दुसरं काही करू नका, डोक्यातसुद्धा नाही.

मी करणार नव्हते. पण गुरुवारी जेवणाआधी बेसिनपाशी उभी होते, आणि तिचं बोलणं आठवलं म्हणून खाली बघितलं. पाणी गार होतं. साबणाला आपल्या त्या हॉस्पिटलच्या साबणाचा वास होता, इतकी वर्षं वापरते, कधी आला नव्हता. आणि डाव्या अंगठ्याखाली भाजल्याचा डाग दिसला. चांगला मोठा, कातडी निघालेला. कधी भाजलं, कशानं भाजलं, काही आठवेना. कुकर असेल, इस्त्री असेल. एवढं भाजलं आणि मला पत्ता नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, मला काही होत नाही. कालिंदी, ते खरंच होतं. तिथं बेसिनपाशी मी घाबरले.

अवधूतला डाग दाखवला. त्यानं मलम लावून दिलं. त्याला आधीपासून दिसत होता.

सुरुची

लालबाग
१७ जानेवारी

कालिंदी बाय,

हे पत्र लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले. आज लिहितेच.

क्लासला आता आम्ही पलंगावरची जुनी ब्लँकेटं जमिनीवर पसरतो आणि आडव्या होतो. पायाच्या बोटांपासून सुरू करून हळूहळू वर यायचं, अंगात कुठं काय चाललंय ते बघत. बदलायचं काही नाही, नुसतं बघायचं. आपण पेशंटचा बीपी बघतो तसं, पण न लिहिता. माझे पाय सापडायलाच वेळ लागला. मग जबड्यापाशी आले तर दात इतके घट्ट आवळलेले की सोडवता येईनात.

नंतर आकांक्षानं विचारलं, कोणाला काय दिसलं. मी म्हटलं, दात आवळलेत. तिनं सहज विचारलं, कधीपासून असतील. आणि माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं. "अनुजा गेली तेव्हापासून."

तुला सांगते, त्या क्षणी मला वाटलं, काहीतरी फोडलं मी. मग रुपालीताई बोलायला लागल्या, त्या खालच्या आवाजात. बातमी आली त्या आठवड्यात त्या गिरगावात गेल्या होत्या. खोताच्या वाडीच्या तोंडापर्यंत गेल्या, पुढे पोरीचं घर दिसत होतं, आणि तिथून परत फिरल्या. आईला काय तोंड दाखवू म्हणून. कोणाला सांगितलं नव्हतं. रुचा, आपल्यातली सगळ्यात लहान, म्हणाली की डिस्चार्जच्या दिवशी पोरीनं तिला खूण करून हसून दाखवलं होतं, आणि ते हसणं आपल्याला नीट ओळखता आलं नाही असं तिला रोज वाटतं. तुझ्यासारखंच तीही समजते की चूक तिची. रुपालीताई समजतात त्यांची. माझ्या मनात होतं, माझी. एकेकीनं आख्खा दोष स्वतःच्या खिशात ठेवलेला आणि वर बटण लावलेलं.

रखमा मावशी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि जमिनीवर बसून गावाकडे रडतात तशा मोठ्यानं रडल्या. म्हणाल्या, "माका वाटलां, तिचां नाव काढूचां नाय असो नेम आसा."

असा नेम कोणी केला नव्हता, बाय. पण आपण सगळ्या तो पाळत होतो.

आकांक्षानं काही समजावलं नाही. तिचेही डोळे वाहत होते. आम्ही तोंडं धुतली आणि ड्युटीवर गेलो. वॉर्डात आवाज होते. म्हणजे आवाज रोजच असतात, मला त्या दिवशी ऐकू आले. बायकांच्या बाजूला कोपऱ्यातली म्हातारी ओव्या म्हणत होती. चांगला गळा आहे तिचा.

हे सगळं जादूसारखं झालं असं समजू नकोस. दोघींनी क्लास सोडला, असलं काही झेपत नाही म्हणून. मलाही काही दिवस काहीच जाणवत नाही, पुन्हा लाकूड होते. आकांक्षा म्हणते, लाकूड झालंय एवढं कळलं तरी पुष्कळ.

आणि एक. मी तुझ्यावर रागावले ते ट्रॉलीसाठी नाही. ज्या दिवशी मला काहीच वाटत नव्हतं, त्या दिवशी तुला एवढं वाटलं की पाय उचलून चालू पडलीस. मला तुझा हेवा वाटला. आणि तू गेल्यावर मला विचारणारं कोणी उरलं नाही.

तुझीच,
सुरुची

लालबाग
२१ फेब्रुवारी

प्रिय कालिंदी,

तुझं कार्ड आलं. "लिहीत राहा." एवढंच. अवधूत म्हणाला, पोस्टकार्डावर जागा बरीच शिल्लक होती. मी म्हटलं, तुला नाही कळायचं, हे खूप आहे.

तर ऐक. राजाराम नावाचा पेशंट आहे, लालबागच्या बँडपथकात ट्रंपेट वाजवणारा. उंच, आडवा, हाताचे पंजे सुपासारखे. झोप उडाली की त्याला माणसं आपल्या वाईटावर टपलीत असं वाटायला लागतं. मंगळवारी दुपारी जेवणं चालू असताना त्यानं सलाइनचा स्टँड उचलला आणि जेवणघराच्या दारात आडवा उभा राहिला. आत सात-आठ पेशंट ताटं घेऊन बसलेले. कोणी जवळ आलं की स्टँड फिरवायचा.

आपली पद्धत तुला माहीत आहे. सगळे वॉर्डबॉय मामा एकदम धावणार, बांधायचे पट्टे, इंजेक्शन, आणि मग कोणाचा तरी खांदा किंवा दात. मामा धावायच्या तयारीत होतेच. मी पुढे झाले. घाबरले होतेच. पण या वेळी मला भीती वाटतेय हे मला कळत होतं. भीती वाटणं आणि ती वाटतेय हे कळणं, यांच्यामध्ये बोटभर जागा असते, कालिंदी. मी त्या बोटभर जागेत उभी राहिले. पाय फरशीवर टेकलेत एवढं बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

तो आमच्यावर चिडलेला नव्हताच. तो सारखा वर बघत होता, भिंतीवरच्या टीव्हीकडे. टीव्ही मोठ्यानं लागलेला, कसल्या तरी मिरवणुकीची बातमी, ढोल, ताशे, वर ओरडणारी निवेदिका. आपल्याला सवयीनं ऐकूच येत नाही तो.

मी विचारलं, "राजारामभाऊ, आवाज फार होतोय का?"

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. म्हणाला, "सगळे बेसूर वाजवतायत. मला मुद्दाम ऐकवतायत."

मी मागे न बघता रुचाला टीव्ही बंद करायला सांगितलं. ती दुसऱ्या दारानं गेली. रुपालीताईंनी मामांना हात करून मागे घेतलं. कोणी कोणाला काही शिकवलं नव्हतं, पण सगळ्या जणी जागच्या जागी शांत उभ्या होत्या, आणि ती शांतता त्याच्यापर्यंत पोचली असं मला वाटतं. टीव्ही बंद झाला. जेवणघर एकदम मोठं वाटायला लागलं. मी म्हटलं, आता कोणी वाजवत नाहीये, स्टँड जड असेल, भिंतीला लावू या का. त्यानं बराच विचार केला आणि लावला. मग माझ्याबरोबर येऊन बसला आणि गोळी घेतली. डॉक्टर आले तेव्हा तो वरणभात खात होता. पट्टे कपाटातच राहिले.

मग मी लिनन रूमजवळच्या त्या खोलीत गेले आणि थरथरायला लागले. रुचा माझ्या पाठीवर हात ठेवून बसली, रुपालीताईंनी माझं काम दुसरीकडे दिलं. पूर्वी असं काही झालं की आपण लगेच पुढचं इंजेक्शन भरायला घ्यायचो, आठवतं? या वेळी मी थरथर संपेपर्यंत बसले. मग उठले आणि खूप भूक लागली. त्या दिवशी संध्याकाळी अवधूतबरोबर चिवडा गल्लीतून चालत आले आणि मला तळणाचा वास येत होता. किती साधी गोष्ट. मला रडू आलं, आनंदानं.

तुझी,
सुरुची

लालबाग
१५ मार्च

प्रिय कालिंदी,

काल मी आणि रुपालीताई गिरगावात जाऊन आलो. अनुजाच्या घरी.

रुपालीताईंनीच विषय काढला. म्हणाल्या, मागे वाडीच्या तोंडाशी जाऊन परत आले, आता तू बरोबर चल. दुपारची वेळ, वाडीत पोरं क्रिकेट खेळत होती. रुपालीताई पायरीवर थांबल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी घाई केली नाही. मग त्यांनीच बेल वाजवली.

अनुजाच्या आईनं आम्हाला ओळखलं. आत घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमच्याकडून कोणी येईल असं रोज वाटायचं."

आम्ही माफी मागितली. कारणं दिली नाहीत. त्यांनी पोरीचा फोटो दाखवला, शाळेतल्या नाटकातला. मग विचारलं, वॉर्डात ती कशी असायची, घरच्यांबद्दल बोलायची का. पूर्वीची मी असते तर "छान होती हो, सगळ्यांशी मिळून मिसळून" म्हणून घड्याळ बघितलं असतं. काल मी बसले आणि आठवलं. सांगितलं की ती म्हाताऱ्या पेशंटच्या नखांना नेलपॉलिश लावायची. एका आजीनं लाल मागितलं तर म्हणाली, आजी, तुम्हाला लाल नको, तुम्ही आधीच डेंजर आहात. हे तिच्या आईला माहीत नव्हतं. त्या हसल्या. इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. मग रडल्या, आणि आम्ही तिथंच बसून राहिलो. काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. ते आता जमतं.

निघताना त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. "त्या उंच सिस्टर कशा आहेत? अनुजाची वेणी घालायच्या त्या?" मी खरं तेच सांगितलं, की तिला वाटतं अनुजाला घरी पाठवायला नको होतं, म्हणून तिनं नोकरी सोडली. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते तुझे आहेत.

"त्यांना सांगा, ते दोन महिने माझी पोर घरी होती. जेवत होती. माझ्या शेजारी झोपायची. ते दिवस मला त्यांनी दिले. नाहीतर माझ्याकडे काय असतं?"

मी तुला समजावणार नाही. हे पत्र दोनदा वाच, एवढंच.

तुझी,
सुरुची

लालबाग
११ एप्रिल

प्रिय कालिंदी,

फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हा मी बोलूच शकले नाही, आणि तूही नाही. दोघी नुसत्या ऐकत बसलो. त्यामुळे जे सांगायचं होतं ते पुन्हा पत्रातच सांगावं लागतंय.

परवा सभागृहात कार्यक्रम झाला. फुलांच्या क्लासचा समारोप. बाहेरच्या पाहुण्या आल्या होत्या, फोटोवाला होता, आम्ही इस्त्रीचे युनिफॉर्म घातले होते. आकांक्षानं थोडक्यात सांगितलं की आजारपणाच्या रजा कमी झाल्यात, पट्टे बांधायची वेळ क्वचित येते. आणि कबूल केल्याप्रमाणे सुरुवातच तिनं त्या वाक्यानं केली, की सिस्टरांचं पहिलं म्हणणं माणसं कमी असल्याचं आहे.

मग प्रशासन बघणारे हितेंद्र साहेब उठले. वाईट माणूस नाही, पण सगळं कागदावरून बघणारा. त्यांनी आमचं कौतुक केलं. म्हणाले, या वॉर्डनं दाखवून दिलं की मनोबल असेल तर आहे त्या संख्येत उत्तम काम होतं. तेव्हा नवीन पदांचा प्रस्ताव तूर्त मागे ठेवायला हरकत नसावी, आणि हा क्लास मात्र सगळ्या वॉर्डांत न्यावा. टाळ्या वाजल्या. आपल्या रांगेतून वाजल्या नाहीत.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, या क्लासनं आम्हाला सहन करायला शिकवलं असं तुम्हाला वाटतंय. झालं उलटं. आधी आम्हाला काही जाणवतच नव्हतं, म्हणून आम्ही काही मागत नव्हतो. आता जाणवतं. एका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की कोण गप्प झालंय ते दिसत नाही. आमची एक पोर अशीच गेली. त्यानंतर आमची एक उत्तम सिस्टर गेली. श्वास घेऊन मी शांत राहीन, पण श्वास घेऊन माझे दोनाचे चार हात होणार नाहीत."

मला वाटलं संपली नोकरी. तर माझ्या शेजारी रुपालीताई उठल्या. मग रुचा. मग सगळी रांग. ज्या दोघींनी क्लास सोडला होता, त्यासुद्धा. नुसत्या उभ्या राहिल्या. जेवणघराच्या दारात उभ्या होत्या तशा, शांत.

आकांक्षा अजून माइकपाशीच होती. तिचं पुढचं वर्षभराचं काम त्या कार्यक्रमावर अवलंबून होतं, हे आम्हाला माहीत होतं. ती म्हणाली, "सर, पदं भरायची नाहीत म्हणून हा क्लास चालणार असेल, तर मी तो इथंच थांबवते." इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जसं काही चहात साखर नको म्हणत होती.

पाहुण्या बाईंनी साहेबांच्या कानात काहीतरी विचारलं. मग ते म्हणाले, प्रस्ताव पुन्हा बघतो. बघतो म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पण आम्ही बाहेर आलो तेव्हा मामांनी पॅसेजमध्ये आमच्यासाठी वडे आणून ठेवले होते, आणि रखमा मावशी सगळ्यांची दृष्ट काढायला मीठ-मोहरी शोधत होत्या.

काही झालं नाही तरी चालेल, असं नाही म्हणणार. झालं पाहिजे. पण त्या दिवशी मी परळहून लालबागपर्यंत चालत आले आणि वाटेत कितीतरी ओळखीची माणसं दिसली. ती रोजच असणार.

तुझी,
सुरुची

लालबाग
९ मे

प्रिय कालिंदी,

तुझं पत्र हॉस्पिटलच्या गेटसमोर उभं राहून वाचलं. चार पानं. इतक्या महिन्यांचं एकदम.

खोटं कशाला सांगू, सावंतवाडीच्या दवाखान्यात रुजू होतेयस हे वाचून आधी छातीत कळ आली. परत ये, असं मी एकाही पत्रात लिहिलं नव्हतं, पण प्रत्येक पत्र तेवढ्यासाठीच लिहिलं होतं. ती कळ तिथंच उभी राहून ओसरू दिली. मग पुढचं वाचलं. तिथं मानसिक आजाराच्या पेशंटसाठी दुसरी सिस्टरच नाही, गाड्या बदलत माणसं लांबून येतात, पहिल्या दिवशी एका मुलीच्या केसांतल्या जटा सोडवत तू बसलीस, आणि सगळ्या सुटेपर्यंत उठली नाहीस. हे वाचल्यावर मी गेटपाशीच मोठ्यानं हसले. वॉचमननं विचारलं, सिस्टर, लॉटरी लागली का. म्हटलं, हो.

आकांक्षा जूनमध्ये तुझ्याकडे क्लास घ्यायला येतेय. मीही येणार, सुट्टी मागितलीय आणि मिळालीय. मिळालीय, कालिंदी, कारण आता मागे ड्युटी करायला माणसं आहेत. तेच सांगायला हे पत्र.

काल सकाळी गोळ्या वाटून झाल्या होत्या. रुपालीताई ऑफिसातून ऑर्डर घेऊन आल्या. चालत आल्या म्हणणं बरोबर नाही, त्यांच्या वयाला शोभेल एवढ्या धावत आल्या. चार नवीन पदं मंजूर. दोघी सोमवारपासून, दोघी पुढच्या महिन्यात. शिवाय रोज पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाल्यावर पाव तास आमचा, त्यात कोणी बोलवायचं नाही, आणि मोडक्या पलंगांची ती खोली आमची. त्यांनी वॉर्डाच्या मधोमध उभं राहून ऑर्डर मोठ्यानं वाचली. इंग्रजी वाचताना त्या अडखळतात, तशा अडखळल्या, आणि दुसऱ्यांदा वाचली.

रुचानं टाळ्या वाजवल्या. मग आम्ही सगळ्यांनी. मग मामा. मग पेशंट. काय झालंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण टाळ्या अशा वाजवत होते जसा काही सगळ्यांना एकदम डिस्चार्ज मिळाला. ओव्या म्हणणारी म्हातारीसुद्धा बायकांच्या बाजूच्या दारातून वाजवत होती. रखमा मावशी रुपालीताईंच्या गळ्यात पडल्या.

खिडकीजवळच्या पलंगावर तात्या आहेत. आठवड्यापूर्वी आले, शिवाजी पार्कवर आयुष्य क्रिकेट बघण्यात गेलेलं, आल्यापासून कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. ते पलंगावर उठून बसले आणि त्यांनी स्पष्ट आवाजात विचारलं, "कोण जिंकलं?"

सगळा वॉर्ड त्यांच्याकडे वळला. रुपालीताई त्यांच्या पलंगापाशी गेल्या.

"आपण, तात्या."

"कितीने?"

"चार सिस्टरांनी."

तात्यांनी मान डोलावली. "मोठा विजय आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.

तुझी,
सुरुची